दुधातल्या बाटल्या

(सासूबाईंचं स्वयंपाकघर, दुपार. शेगडीवर झाकलेलं पातेलं. दोघी विहिणी नाकाला रुमाल लावून त्याच्याकडे बघताहेत. मुलगी आतल्या खोलीत निजली आहे.)

आई : झाकण नका उघडू, विहीणबाई. एकदा बघितलंय मी, तेवढं पुरे.

सासू : अहो, न उघडता ओतू कसं?

आई : आणि सिंकमध्ये तर मुळीच ओतू नका. गार झालं की थिजेल आणि पाइप तुंबेल.

सासू : मग काय कुंड्यांना घालू?

आई : झाडांनी काय घोडं मारलंय तुमचं? मला एवढंच सांगा, हे सुचलं कसं? कोलाच्या बाटलीच्या आकाराच्या त्या चिवट जेलीच्या गोळ्या, आणि त्या उकळत्या दुधात?

सासू : सुचायचं काय त्यात? पोरीला दिवस गेल्यापासून पाणी पचत नाहीये. दूध दिलं, उलटी. सूप दिलं, उलटी. तेवढ्या गोळ्या पोटात राहतात. म्हटलं, त्यांच्या आडून दूधही जाईल गुपचूप.

आई : गेलं ना. नासलं. आंबट असतं त्यात, सायट्रिक ॲसिड. वर तपकिरी गुठळ्या आणि खाली शेंबूड.

सासू : शी! शेंबूड काय म्हणता. ... दिसतंय मात्र तसंच.

आई : आणि हा वास. खोकल्याच्या औषधात कुणी चप्पल शिजवल्यासारखा.

सासू : चप्पल कुठून आली आता?

आई : पाकीट वाचा की. ग्लुकोज सिरप, साखर, त्याच्या खाली जिलेटीन. म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला चीक. शिवाय चकाकी यायला वरून मेण. गाडीच्या पॉलिशमध्येही असतं तेच.

सासू : मी आपली प्रथिनं वाचली. सहा ग्रॅम. म्हटलं, वा.

आई : त्याच्या वरच साखर पन्नासच्या पुढे लिहिलीय. ती नाही दिसली?

सासू : मला हवं तेवढंच दिसतं हल्ली. वय झालं.

आई : थट्टा पुरे. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्यात? संध्याकाळपर्यंत काही टिकलं नाही, तर भरती करून सलाईन. वजन उतरत चाललंय तिचं. एक वस्तू टिकत होती, तीही तुम्ही घालवलीत. हा वास आल्यापासून तिला पाकीटसुद्धा समोर नको झालंय.

सासू : वासाचं माझ्यावर ढकला, पण सकाळचं विसरू नका. उशाशी बसून तेच पाकीट मोठ्यानं कोण वाचत होतं? कातडी काय, हाडं काय. तोंडातली गोळी पोरीनं तिथल्या तिथे थुंकली.

आई : मला काय ठाऊक थुंकेल म्हणून? आई आहे मी तिची.

सासू : आणि मी कोण, भाडेकरू?

मुलगी : झालं का तुमचं?

सासू : अगं, उठलीस कशाला? इकडे नको येऊस, वास आहे.

मुलगी : वास तिकडेही येतोय, अहो आई. आवाजही.

आई : बस इथे, स्टुलावर. सफरचंद किसून देऊ? दोन चमचे फक्त.

सासू : त्यापेक्षा बटाटा उकडते. मऊ असतो.

मुलगी : नको.

आई : मग ती घाण बरी चघळत होतीस? एवढं काय आहे गं त्यात?

मुलगी : काही नाही. मलाही नाही आवडत ती. दाढेला चिकटते, जिभेवर मेणाचा थर बसतो. पहिल्या चाव्याला अंगावर काटा येतो.

सासू : अगं, मग खात का होतीस?

मुलगी : ती कुणी केलेली नसते ना, म्हणून.

आई : म्हणजे?

मुलगी : तू सूप करतेस आणि माझ्या गळ्याकडे बघत बसतेस, उतरतंय का. अहो आई दारात, हातात बादली घेऊन. उलटी झाली की दोघींचे चेहरे उतरतात. मग चूळ भरायच्या आधी मी तुमची समजूत घालत बसते. गोळी उलटून पडली तर कुणाचंच काही बिघडत नाही. पांघरुणात तोंड घालून एकटी चघळते.

सासू : बादली तुझ्याच सोयीसाठी धरते गं मी.

मुलगी : माहितीये. म्हणून तर बोलता येत नव्हतं.

आई : ... मला वाटायचं, मी शेजारी बसले की तुला बरं वाटतं.

मुलगी : वाटतं, आई. जेवणाची वेळ सोडून. ... पाव आहे का? कालचा, कोरडा.

सासू : आहे ना! थांब, लोणी लावून जरा भाजते...

आई : विहीणबाई. कोरडा म्हणाली ती.

सासू : बरं. हा घे. असाच.

मुलगी : आता ती खिडकी उघडा आणि पातेलं घेऊन बाहेर जा. दार लोटून घ्या. दाराला कान लावायचे नाहीत.

आई : चला, विहीणबाई. तो कान धरा, हा मी धरते.

सासू : तुमच्या बाजूनं कलतंय. हळू.

आई : इथेच ठेवा, जिन्यात. ईऽ, हाताला लागलं. सुटेना.

सासू : पुसा माझ्या रुमालाला. ... अहो, दारापाशी काय उभ्या राहिलात? कान लावायचे नाहीत म्हणाली ना?

आई : लावलेत कुठे? नुसती उभी आहे. तुम्हीही उभ्याच आहात की.

सासू : श्श. चावतेय.

आई : गिळला?

सासू : कळू दे तिचं तिला. तुम्ही श्वास जरा हळू घ्या.