पारूबायचं ‘होडीला हळद’

मंडळी, पुढं सरकून बसा. मागं उन्हात कशाला उभे? पारूबायच्या शोकसभेत कोणी मागं राहिलेलं तिला चाललं नसतं.

मला बोलायला सांगितलंय. पण रडक्या आवाजात बोललो तर ती उठून बसेल आणि विचारेल, गफूर, तुझा गाण्याचा डबा बिघडला काय रं? म्हणून आज तिची फत्ते सांगतो. त्यात माझी फजिती आलीच.

स्वराज्य आलं, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या सालची गोष्ट. रघू तांडेलानं दोन वर्षं खपून नवी होडी बांधली होती. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. होडीला हळद लावायची, पारूबायनं ‘होडीला हळद’ हे गाणं म्हणायचं आणि सगळ्यांनी मिळून दोर ओढून होडी पाण्यात न्यायची. त्या साली मी नवा फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, घेतला होता. अंगात मस्ती होती. म्हसळ्याच्या बाजारात एक रेकॉर्ड दिसली. वर नाव काय? ‘होडीला हळद’. मी नाचतच घरी आलो. रघूला म्हटलं, आता बाईला कशाला तसदी? तेच गाणं, वर पेटी-तबला. रघू भुलला. पारूबायला कोणी बोलावलंच नाही. ती वाळूवर बोंबील वाळत घालत बसली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ते मला अजून टोचतंय, मंडळी.

नाव एक, पण गाणं भलतंच. ठुमकत चाललेलं. त्यावर ओढायचं कधी? पारूबाय ओळ म्हणून थांबायची, तेव्हा आपण ओढायचो. रेकॉर्डमधली बाई दम घ्यायला थांबेना. निम्मे आधी ओढतायत, निम्मे मागाहून. होडी ओंडक्यांवरून घसरली आणि वाळूत आडवी झाली. तीन मिनिटांत रेकॉर्ड संपली. मी पुन्हा चावी दिली. पुन्हा तेच. आणि भरती उतरायला लागली. होडी तशीच अडकली असती तर पुढच्या भरतीच्या लाटांनी फळ्या उचकटल्या असत्या. रघू कपाळाला हात लावून बसला.

मग तिला बोलवायला कोण गेलं? मीच गेलो, मान खाली घालून. तिनं हात झटकले, पदर खोचला आणि म्हणाली, “आधी तुझा डबा बंद कर.”

आणि गायली. काय गायली! एक ओळ, एक ओढ. एक ओळ, एक ओढ. होडी सरळ झाली. ओळी संपल्या तेव्हा तिनं नव्या रचल्या. दोराला हात लावलेल्या एकेकाचं नाव घेतलं. माझंही घेतलं, गफूरच्या डब्याला घाम फुटला गो. आम्ही हसत हसत ओढत होतो. पाण्यानं होडी उचलली, तेव्हाच पारूबाय थांबली. मग तिनं हाक दिली, “तरली गो, तरली!”

संध्याकाळी मी माफी मागितली. म्हटलं, मुंबईला जाऊ, तुझ्याही गाण्याची रेकॉर्ड काढू. ती म्हणाली, “होडी पाण्यात गेल्याबिगर माजं गानं संपत न्हाय. तुज्या ताटलीत मावंल कसं?”

त्यानंतर माझा फोनो लग्नात वाजला, बारशात वाजला. होडीला कधी वाजला नाही.

परवा रघूच्या मुलाची होडी लोटायची आहे. काल तो दबकत आला. चाचा, पारूबाय तर गेली, ती जुनी रेकॉर्ड आहे का? मी म्हटलं, आहे, पण देणार नाही. अरे, इथल्या बायांना ते गाणं पाठ आहे. कुठं अडलात तर नवी ओळ रचा. बायनं दुसरं काय शिकवलं आपल्याला?

चला, उभे राहू या. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. मग तिची हाक मी देईन. आवाज फाटका आहे माझा, सांभाळून घ्या. तुम्ही मात्र दर्यापर्यंत पोचेल असं उत्तर द्या.

पारूबाय, तरली गो, तरली.