हौसाबाईंच्या खानावळीतला समुद्र

मंडळी, मृदंगाला जरा दम खाऊ द्या, तोवर एक विचारतो. ज्या माणसाचं तोंड कधी पाहिलं नाही, त्यानं आपल्याला काही दिलं, तर आपण त्याचं काय करायचं? नुसतं घ्यायचं? हं, माना डोलवू नका, उत्तर शोधा. तोवर ऐका.

वाळकेवाडीच्या फाट्यावर हौसाबाई कोळेकरांची खानावळ. पिठलं असं, की ट्रकवाले भांडं पुसून खायचे. पण नवा रस्ता झाला गावाबाहेरून, आणि फाट्यावर शुकशुकाट. चार दिवस तवा तापलाच नाही. बाई म्हणाल्या, "आता कुलूप लावायचं."

शेजारी निवृत्ती परीट. इस्त्रीच्या दुकानातच त्याचा कॉम्प्युटर. तो म्हणाला, "काकू, आपण वेबसाइट काढू. लोक मोबाइलवर बघून येतील."

"मला कुठं येतंय ते?"

"यायची गरज नाही. ओपन सोर्स म्हणतात त्याला. जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेलं तयार घर आहे. दारं-खिडक्या बसवलेल्या. आपण नाव लिहायचं, फोटो लावायचे. भिंत हलवायची असेल तर हलवा, कुणी अडवत नाही. नकाशासुद्धा सोबत दिलाय."

"कुणी दिलाय?"

"ते माहीत नाही."

बाईंना ते पटेना. तरी बसल्या. दोन दुपारी खपून वेबसाइट झाली. पण मंडळी, तयार घरात नमुन्याची पानं असतात. यांनी निवडला होता समुद्रकाठच्या हॉटेलाचा नमुना, निळा रंग आवडला म्हणून. वरची पानं बदलली, खालचं एक इंग्रजी पान तसंच राहिलं.

रविवारी फाट्यावर गाडी थांबली. पुण्याचे देशमाने, बायको आणि सासूबाई. देशमान्यांच्या कमरेला रबरी टायर.

"समुद्र कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

निवृत्तीनं दुष्काळी माळाकडं पाहिलं. म्हणाला, "पाण्याची टाकी आहे."

हौसाबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या दारातून आजवर कुणी फसून गेलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. "दादा, चूक आमची. समुद्र न्हाय. पर आलाय तसं माघारी नका जाऊ."

त्यांनी विहिरीची मोटर सुरू केली. देशमाने टायरासकट पाइपाखाली बसले. हसताय? अहो, सासूबाई त्यांना बाजूला सारून स्वतः बसल्या. मग भाकऱ्या खाल्ल्या, किती ते मी सांगत नाही. निघताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी भिशीच्या बायकांना आणते."

पण बाईंच्या जिवाला ते पान लागलं. "खोटं हाय, काढ ते." निवृत्तीला काढता येईना. त्यानं मोडक्या इंग्रजीत, ते घर बांधणाऱ्या लोकांच्या मदतीच्या फळ्यावर विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कुठं दाबायचं, बाण काढून दाखवलेलं. पाठवणारी परदेशातली कुणी बाई, आजारी नवऱ्याच्या उशाशी बसून तिनं लिहिलं होतं.

हौसाबाई म्हणाल्या, "तिला विचार, तुला काय पाठवू?"

उत्तर आलं, "काही नको. तुम्हाला येईल ते पुढच्या माणसाला सांगा."

आता बाईंना काय येतं? पिठलं. पण निवृत्ती म्हणाला, "या तयार घरातले कितीतरी शब्द अजून मराठीत नाहीत, काकू."

मग रोज दुपारी तो इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायचा आणि बाई मराठी शब्द द्यायच्या; तो ते तिकडं पाठवायचा. टाकून दिलेली पानं जातात तो 'उकिरडा'. अर्धवट राहिलं ते 'कच्चं'. लोकांसमोर ठेवायचं ते 'ताटात वाढा'. शब्द तपासणाऱ्या पंडितांनी कळवलं, 'उकिरडा' शोभत नाही. बाईंनी लिहवून घेतलं, "तुमच्या घरचा कचरा कुठं जातो ते कळवा." तेव्हापासून मराठीत ते घर वापरणाऱ्या सगळ्यांच्या वेबसाइटवर उकिरडा कायम.

महिन्याभरानं खानावळीच्या वेबसाइटवरच्या नंबरावर फोन आला. पलीकडच्या जिल्ह्यातली सुईण बोलत होती. "बाई, माझी वेबसाइट उकिरड्यात गेली. परत निघंल का?"

"निघंल की," हौसाबाई म्हणाल्या, "घाबरू नको, मी सांगते." आणि समोर खानावळ भरलेली असताना, हातातली भाकरी खाली ठेवून, त्यांनी एकेक पायरी सांगितली.

आता तुमच्याकडं येतो. या मंडपात अशा किती माउली आहेत, की शेजारणीनं मसाल्याची कृती विचारली तर एक जिन्नस गाळून सांगतात? मान खाली घालू नका, पुरुषांचंही तेच आहे, फक्त मसाला वेगळा. देवापुढं हात जोडायच्या आधी शेजारी बसलेल्याच्या कानात तो गाळलेला जिन्नस सांगा. मी थांबतो. सांगा.