लग्न नसताना फिरलेली अक्षत

आजच्या सभेचे अध्यक्ष, आमचे सरपंच देवूभाऊ, व्यासपीठावरील मान्यवर, जिच्यासाठी आपण जमलो ती जमनामावशी, आणि सतरंजी अपुरी पडल्यानं वाळूत बसलेल्या माझ्या दातिवरेकर बंधुभगिनींनो,

मावशी उद्या लेकाकडे तारापूरला, वीजकेंद्राच्या वसाहतीत राहायला निघाली. आता आमच्या लग्नांची अक्षत घरोघर कोण फिरवणार, ही काळजी इथल्या प्रत्येक वरबापाला आहे. मला मात्र तिची एकच अक्षत आठवते, आणि त्या दिवशी गावात लग्न नव्हतं.

मागची पंचायतीची निवडणूक आठवा. देवूभाऊंनी अर्ज भरला आणि भर बाजारात त्यांचा पाय मोडला. कुणी मोडवला? नाव कशाला घ्या, आजचा मांडव त्या शेठजींनीच दिलाय. काठी त्यांच्या माणसाची, पंढरीची होती. तो मागे पाणी वाटतो आहे, त्याला विचारा. पण मंडळी, शेठजींनी सगळ्या गावाला का मारलं नाही? अहो, परवडलं नसतं. एकाला मारलं की बाकीचे आपली दारं आपणच लावून घेतात.

मावशीनं हे बरोबर ओळखलं. म्हणाली, "एकेकटे गेलात तर मार खाल. लग्नाला कुनी एकटा जातो काय?"

आणि मतदानाच्या सकाळी वाजंत्री घेऊन ती अक्षत द्यायला निघाली. दारी आलेल्या अक्षतीला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही, घरोघरची माणसं तिच्यामागे निघाली. तिनं पंढरीचंही घर सोडलं नाही. त्याची आई रखमाबाई नवं लुगडं नेसून वरातीत शिरली.

मतदान शाळेत होतं, आणि शाळेच्या दारात पंढरी काठी घेऊन उभा. वाजंत्री गप्प झाली. आत पहिलं कोण जाणार? जो पहिला जाईल त्याचाच पाय, हे सगळ्यांना ठाऊक. मीही उगाच धोतराचा सोगा नीट करत राहिलो. तेवढ्यात रखमाबाई पुढे झाली.

"सरका. माजं मत हाय, मी देनार."

पंढरीनं आईकडे पाहिलं. काठी भिंतीला टेकवली आणि तिचा हात धरला.

"आये, पायरी हाय, सांबाळून."

तिच्यामागून सगळा गाव ती पायरी चढला. देवूभाऊ आज कोणत्या खुर्चीत बसलेत, ते दिसतंच आहे.

मावशी, तुझे उपकार कसे मानू? खूप आनंद होतोय आणि वाईटही वाटतंय. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे, मांडवाबद्दल शेठजींचाही. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल तर उदार मनानं पोटात घालावं. मात्र मोठ्यानं बोलायची सवय आम्हाला मावशीनं लावली, तेव्हा तक्रार तारापूरला न्यावी.