डावा हात

डॉक्टरांच्या दाराबाहेर दोघी बहिणी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचे वडील आत होते.

"ओळखलं का गं तुला बाबांनी?"

"नाही ताई. पण काल मी बंद पडलेला टीव्ही दुरुस्तीला उघडून बसले होते, तर ते मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘बाई, कान द्या. टिकटिक करतोय, म्हणजे आतला पॉवर सप्लाय मेलेला नाही. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणून तो स्वतःला जपतोय.’"

"बाबा म्हणाले? जेवल्याचं आठवत नाही त्यांना!"

"ऐक तर. प्लग काढून पुढची वायर सोडवायला लावली. परत चालू केला, तर टिकटिक गायब! शॉर्ट पुढेच होता."

"अगं बाई! काटा आला बघ अंगावर."

"मग मी व्होल्टेज मोजायला वाकले, तर माझा डावा हात धरला आणि माझ्याच खिशात घातला."

"लहानपणी दुरुस्ती शिकवताना हातावर फटका मारायचे त्यासाठी."

"काल नाही मारला. हळूच म्हणाले, ‘दोन्ही हात आत घालू नका, बाई. करंट काळजातून जातो. तुमचे वडील घरी वाट बघत असतील ना?’"