झकारियसच्या नावाचं कार्ड

—नाही, बस तू, बाय, लिहूनच देतो. चाळीस वर्षं बोळिंजमधल्या प्रत्येक बाप्तिस्म्याला ह्या प्लासिड मास्तरने नावाचा अर्थ लिहून दिलाय, तुझ्याच पोराचा का राहावा? पहिल्या मुलाला आजोबांचं नाव — झकारियस — रीतच आहे आपली. मूळ हिब्रू, जखऱ्या. ग्रीकांनी आपल्या सवयीने शेवटी 'स' जोडला नि शुभवर्तमानात घेतलं. पण ग्रीक माणसाला त्यात काही कळेना — आवाज तेवढा पलीकडे गेला, अर्थ अलीकडेच राहिला. अर्थ काय? थांब, शाई उतरत नाहीये... अर्थ असा, की परमेश्वराने आठवण ठेवली.

तुझ्या सासऱ्यालाही मीच सांगितला होता. फार आवडला त्याला. म्हणून तर चौऱ्याण्णव साली मोजणीवाले आले, बिल्डरची माणसं मागे उभी, तरी गडी निर्धास्त — चिंचेपर्यंतची वाडी कुणाची ते मास्तरांना विचारा म्हणाला, त्यांना गावातल्या पोरासोरांची नावं पाठ आहेत. विचारलं त्यांनी. आता त्या वाडीत मी त्याच्याबरोबर केळी लावलेली, त्याच्या विहिरीचं पाणी प्यायलेलो — आणि मी म्हणालो, "मला आठवत नाही." धमकी? छे, धमकी कुणी दिली नव्हती, नुसते बघत होते माझ्याकडे. तेवढ्याने माझी गाळण उडाली. झकारियसने चपला घातल्या, घरी गेला. वाडी बिल्डरकडे गेली. मग चर्चमध्ये मिस्साला माझ्या बाकावर कधी बसला नाही. — तुम्हाला काय सांगितलं त्याने घरी? वाडी खुशीने दिली म्हणून? माझं नावच नाही घेतलं? मरेपर्यंत?

...पाणी नको. बस.

शुभवर्तमानातला झकारियस मुका झाला होता ना, मुलाचं नाव पाटीवर लिहून द्यावं लागलं त्याला — माझी जीभ चालली असती तर तेव्हाच चालली असती. हे घे कार्ड. पुढे अर्थ आहे. मागे चिंचेचं लिहिलंय, वाडी कुणाची होती ते, खाली माझी सही. उपयोग काही नाही आता, चिंच तोडून तिथे गाड्या लावतात. पण तुझ्या नवऱ्याला, मर्विनला दे, बापाचा मुलगा आहे तो. वाचून रविवारी बाप्तिस्म्याला मला बोलवायचं की नाही ते त्याला ठरवू दे.

नको — बाळ माझ्या मांडीवर नको देऊस. जा तू, बाय. दार ओढून घे.