लंकेत नेलेला रोट

आमचं गाव पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या बुडाशी. बाप मी लहान असतानाच गेला, मायने लोकांच्या शेतात निंदणी करून मला दहावीपर्यंत शिकवलं, आणि धुळ्याला भरती निघाली तसा मी फौजेत गेलो. देशासाठी वगैरे नाही, काय खोटं सांगू तुम्हाला, घरची चूल दोन्ही वेळ पेटावी म्हणून गेलो.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात सुट्टीवर आलो होतो. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचा, दळायचा, त्याचे रोट करायचे, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याला तुकडा देत नाहीत, मग तो कितीही जिवाभावाचा असो. कानबाईचं विसर्जन झालं आणि तार आली, ताबडतोब हजर व्हा. मायने माझ्या वाटचा रोट फडक्यात बांधून दिला, म्हणे तुना नावनी मूठ शे, तूच खाजो.

विमानातून उतरलो ते थेट लंकेत, जाफन्याला. साहेब म्हणे लढायचं नाही, इथले दोन भाऊ, सरकार आणि बंडखोर पोरं, एकमेकांच्या जिवावर उठलेत, पोरांची हत्यारं जमा करून घ्यायची आणि आपण फक्त मधे उभं राहायचं. आणि लोकांनी हार घातले हो आम्हाला, बायांनी ओवाळलं, आम्ही बठ्ठे खूश, पाव्हण्यासारखे मिरवत होतो.

आमच्या चौकीसमोर एक आजी राहायची, पोरगा मारला गेलेला, घरात सून आणि नात. रोज आम्हाला विहिरीचं पाणी काढून द्यायची. एक दिवस तिने विचारलं, माझा जोडीदार मदुरैकडचा, त्याला तिची भाषा यायची, त्याने मला हिंदीत सांगितलं, की आजी विचारते, तुम्ही आमच्यासाठी आले का तुमच्यासाठी? आता मी काय सांगणार, मी म्हटलं तुमच्यासाठी आजी, तुमच्यासाठीच. तिला पटेना. मग मी ते फडकं सोडलं, रोट वाळून खापरासारखा झालेला, तो मोडून तिघींना दिला, आणि जोडीदाराला म्हटलं, सांग हिला, हा आम्ही घरच्यांनाच देतो. आजीने पाण्यात भिजवून खाल्ला.

पुढे दिवाळीच्या सुमाराला हुकूम बदलला. ज्या पोरांकडून हत्यारं घ्यायला आलो होतो त्यांच्याशीच लढाई जुंपली. भांडण सोडवायला गेलो आणि त्याच भांडणात भाऊ होऊन बसलो. माझा जोडीदार सुरुंगावर गेला, काय सांगू, गोळा करायलासुद्धा हाती काही आलं नाही. दोन्हीकडून गोळे पडत होते, त्यातला एक आजीच्या घरावर पडला. कोणाचा होता कोणी सांगावं, मला तर आजही सांगता येत नाही. विहीर तेवढी राहिली, तिघींपैकी कोणी राहिलं नाही.

नव्वद साली फौज परत आली तेव्हा गावात लोक विचारायचे, लंकेत कसली लढाई, आम्ही तर ऐकली नाही. आमचे जुने मास्तर म्हणाले, अरे, मोठ्या घरचा माणूस शेजारच्या भांडणात फुकट पडत नसतो, तिथे मोठं बंदर आहे, दुसरं कोणी बलाढ्य राष्ट्र येऊन बसलं असतं तर आपल्या दारात बसल्यासारखं झालं असतं. खरं असेल. पण मग आजीला मी जे सांगितलं ते काय होतं?

त्या श्रावणात माय कानबाईच्या मुठी काढायला बसली, माझ्या नावाची मूठ आली आणि माझ्याच्याने राहवलं नाही, तिला बठ्ठं सांगितलं. मला वाटलं रोट परक्याला दिला म्हणून रागवेल. तिने गहू परत कोठीत टाकला. म्हणे, ज्यासनी रोट खादा त्या आपला भाऊबंद, आपले सुतक शे, यंदा कानबाई बसाडानी नही. मी म्हटलं, माय, तीन वर्षं झाली. म्हणे, खबर आज ऊनी ना? चुलते भांडले, जातीची ना पातीची, कोणाचं सुतक धरता. मायने ऐकलं नाही. डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या लुगड्याने ओट्यावर उभी राहिली, हातात तीळपाणी घेतलं आणि मला म्हणे, नाव सांग त्यासना.

मला नाव माहीत नव्हतं. दोन-अडीच महिने तिच्या हातचं पाणी प्यालो, आजी म्हणत राहिलो.

मायने तसंच सोडलं पाणी. आता मायही नाही. मी धुळ्यात एका जिनिंगच्या गेटवर चौकीदारी करतो, पेन्शन आहे, पोरं शिकताहेत, बरं चाललंय म्हणायचं. तुमचं भलं होवो भाऊ, बसून ऐकलं तुम्ही, नाहीतर कोण विचारतं.