लट्टूची किंमत

(हैदराबादेतलं तारनाका. रविवारी सकाळचे साडेदहा. रूपाली, तिचे वडील तातेराव आणि आई सखू.)

रूपाली : पंचवीस हजार? बाबा, तुम्ही विहारात पंचवीस हजार सांगून आलात?

तातेराव : इचारलं म्हनून सांगितलं. धम्मानंद म्हनला, काका, ह्या खेळाच्या मशिनीची किंमत काय? मी हातावर जोखली आन सांगितलं पंचवीस.

रूपाली : किंमत अजून ठरलीच नाही! आणि कोणाला दाखवायचं पण नव्हतं. आज एक वाजता बाजारात येणार आहे आमचं हे खेळायचं मशीन, लट्टू. दोन वर्षं आम्ही तोंडाला कुलूप लावून बसलो, आणि तुम्ही पिशवीत टाकून सरळ वंदनेला घेऊन गेलात?

तातेराव : लाइट घे न, एवढं मनावर नको घेऊ. विहारातले लोक काय परके हायत? वंदना झाल्यावरच काढली. धम्मानंदनं हातात घेतली ती पाच मिनटं दिलीच नाही. बँकेतला मानूस हाय तो, खेळायलाय लेकरावानी.

सखू : अगं रूपे, ही खेळातली शेळी खड्ड्यात पडली. आता काय करू?

रूपाली : डावीकडचं गोल बटण दाब आई, परत पहिल्यापासून सुरू होईल. पंचवीस! बाबा, लोक ऐकून हसले नाहीत?

तातेराव : हसतील कशाला? चाळीस वर्सं वर्कशॉपात फिटर होतो मी. वस्तू हातात आली की मला कळतंय. हे बघ, ह्या सांध्यावरून नख फिरव. अडकतंय का? नाही अडकत. कानाजवळ धरून हालवली, आत काही वाजत नाही. तासभर चालवली तरी पाठ तापत नाही. ही फिटिंग कोनाची?

रूपाली : माझी. साचा चौदा वेळा बदलला.

तातेराव : चौदा वेळा! ऐकलं का गं? चौदा वेळा.

सखू : ऐकलं. मला तेरा वेळा बी ऐकू आलं होतं, पोरगी रात्री येऊन मलाच सांगायची. तुमी कुटं बोलत होता तिच्यासंगं?

तातेराव : आता ते कशाला काढती?

सखू : काढते. पोरीनं गच्चीबावलीच्या कंपनीतली नोकरी सोडली तवा चार महिने अबोला धरला. आन लोकायला सांगायचे, पोरगी मोठ्या कंपनीत हाय म्हनून.

तातेराव : खोटं नाही बोललो मी. मोठी कंपनी हाय म्हनलो. कुनाची हाय ते नाही सांगितलं.

रूपाली : अय्यो बाबा!

तातेराव : आज सांगितलं पर. वंदना झाल्यावर उभं राहून सांगितलं. माझ्या पोरीनं बनवली, विकत आनलेली नाही. सगळे बघायले.

रूपाली : उभं राहून? सगळ्यांसमोर?

तातेराव : तू डोळे पुसू नको. किंमत काय ते सांग.

रूपाली : बारा हजार नऊशे नव्व्याण्णव.

तातेराव : एवढी?

रूपाली : मालूम होतं मला. महाग वाटते ना?

तातेराव : महाग? एवढी स्वस्त का म्हनायलो मी! बाहेरच्या देशातली अशी वस्तू कितीला येते?

रूपाली : चांगली चाळीस-पन्नासच्या पुढे. पण त्यांचं नाव आहे बाबा. आपल्याला कोण ओळखतं? आणि खालच्या अंगाला आठ-नऊ हजारांतली पण भरपूर आहेत. युवराज म्हणून एक रिव्ह्यूवाला आहे, त्याला आठ दिवसांपूर्वी एक लट्टू पाठवलं होतं. त्याचा व्हिडिओ एक वाजता येतोय. ‘फर्स्ट इम्प्रेशन’, म्हणजे पहिल्यांदा हातात घेतल्यावर काय वाटलं ते. त्याला बारा वाजेपर्यंत किंमत कळवायची आहे.

तातेराव : काय वाटलं त्याला?

रूपाली : मेसेज आलाय. स्क्रीन उन्हात पण दिसते, बटणं मऊ आहेत, हातातून सोडवत नाही. आवाज थोडा बारीक आहे म्हणतो. शेवटी लिहिलंय, बाकी सगळं किमतीवर.

सखू : बटनं मऊ हायत हे खरं. माझा अंगठा दुखत नाही. आवाज मला तर पुरतो. ही शेळी बोलती का मधी?

रूपाली : नाही आई, नुसती ओरडते.

तातेराव : तुझा तो पार्टनर, गौतम. तो काय म्हनतो?

रूपाली : पंधरा नऊशे नव्व्याण्णव. पंधरा दिवस तेच भांडण चाललंय. पण कंपनी माझ्या नावावर आहे, शेवटचा शब्द माझा. मी बारावर अडून बसले.

तातेराव : कागद दाखव. सामानाचा, खर्चाचा, जो असंल तो.

रूपाली : हा घ्या. फोनवरच आहे, मोठा करून बघा. सगळं धरून एका लट्टूला बारा हजार चारशे पडतात. वर साधारण सहाशे सुटतात.

तातेराव : स्क्रीन. बॅटरी. बटनं. हे काय, खोका. कुरिअर. टॅक्स. गौतमचा पगार. बरं. जोडनीवाल्या पोरींचा पगार, वॉचमन. चहावाला बी हाय! सरकव वर.

रूपाली : संपलं. एवढंच आहे.

तातेराव : तू कुठं हायस?

रूपाली : म्हणजे?

तातेराव : ह्या कागदात तू कुठं हायस? चहावाल्याचे पैसे हायत. चौदा वेळा साचा बदलला त्याचे तास कुठं हायत?

रूपाली : मी तर घरीच राहते ना बाबा. भाडं नाही, जेवण आई देते. गौतमला मुलगी झाली, त्याला घर चालवायचंय. मला काय लागतं? म्हणून नाही धरलं.

तातेराव : लागत नाही म्हनून धरलं नाही. वा!

रूपाली : चिडू नका. मला वाटलं, आपल्यासारख्या घरातल्या पोरांना परवडावं.

तातेराव : परवडावं, बरोबर हाय. पर त्या पोरांनी उद्या तुझ्यावानी व्हायचं का नाही? ते इचारतील, ताई, हे करून तुला काय मिळतं? तू काय सांगशील, आई जेवायला घालती?

सखू : अय्यो, परत पडली! चौथ्या बुरुजावर गेली होती.

तातेराव : खरं सांग रूपा. पोरांचं नाव पुढं करू नको.

रूपाली : ...भीती वाटते बाबा. सोळा लावले आणि कोणी घेतलंच नाही तर? लोक म्हणतील, हैदराबादेत बनलंय, एका पोरीनं बनवलंय, आणि माज बघा हिचा. बारा लावले आणि नाही खपलं, तर निदान असं तर कोणी म्हणणार नाही.

तातेराव : हां. आता बोललीस.

रूपाली : स्वस्त असलं की लोक चुका माफ करतात.

तातेराव : तुझा आजा पाटलाच्या दारात लाकडं फोडायचा. सकाळपासून दिवस बुडूपर्यंत. किती तास, कुनी मोजले? दिवस बुडला की एक भाकर आन वर कोरड्यास. त्याला कुनी इचारलंच नाही, तुझ्या हाताला भाव काय. त्यानं बी कधी सांगितला नाही.

रूपाली : हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

तातेराव : बोलायची वेळ आली नाही. मी वर्कशॉपात लागलो न, पहिल्या दिवशी माझ्या हातात जॉब कार्ड दिलं. कामाचं नाव, माझं नाव आन लागलेले तास. साडेसहा तास. फोरमननं माझ्यासमोर लिहिलं. मी ते कार्ड परत करायलाच तयार नव्हतो. फोरमन म्हनला, अरे बाबा, ऑफिसात जमा करायचं असतं ते, तवा तुझा पगार निघतो. त्या दिवशी समजलं मला, माझ्या हाताला भाव हाय आन तो कागदावर लिहितेत. आन तू एवढी शिकलीस, आपल्या हातानं कागद बनवलास, आन सोत्ताचीच जागा कोरी ठेवलीस? पोरी, हे आपल्या घरात परत नको होऊ देऊ.

रूपाली : नाही होऊ देणार. सांगा, कसं धरायचं?

तातेराव : दोन वर्सांत तास किती झाले?

रूपाली : धरा दिवसाला दहा. सुट्ट्या सोडून सहा हजार.

तातेराव : पहिल्या खेपेला लट्टू किती?

रूपाली : एक हजार.

तातेराव : म्हनजे एका लट्टूत तुझे सहा तास. कंपनीत तुला तासाचे किती पडायचे?

रूपाली : साडेचारशे.

तातेराव : सत्तावीसशे झाले. वर तुझा तो टॅक्स.

रूपाली : बारा चारशेत हे मिळवले की... पंधरा हजार सहाशेच्या आसपास. गौतमचा आकडा बरोबर होता. तो पंधरा दिवस मला हेच सांगत होता यार, आणि मी त्याला लालची म्हटलं.

तातेराव : माफी नंतर माग. आधी गौतमला फोन लाव. सव्वाअकरा झाले.

रूपाली : काय तोंडानं बोलू त्याच्याशी?

तातेराव : ज्या तोंडानं लालची म्हनलीस, त्याच तोंडानं.

रूपाली : लावते. बाबा, खरंच घेतील लोक?

तातेराव : मला काय मालूम? घेतील, नाही घेतील. मी एवढंच सांगतो, वस्तू नंबर एक हाय. मी बाप म्हनून नाही, फिटर म्हनून सांगायलो.

सखू : धर हे लट्टू. मला हात मोकळे पायजेत.

रूपाली : काय झालं? कंटाळलीस?

सखू : नाही. तुमचं सगळं ऐकत होते. तो कागद जरा मला बी वाचून दाखव. लट्टू ठेवायच्या पिशवीचे किती धरलेत?

रूपाली : पिशवी... थांब. कापड आणि नाडी, अडतीस रुपये.

सखू : आन शिलाई?

रूपाली : शिलाई धरलीच नाही.

सखू : आठशे शिवून झाल्यात. दोनशे राहिल्यात. तीन महिने मशीन बंद नाही माझी.

तातेराव : सखू, माझ्या बी ध्यानात आलं नाही. तुझ्या मशिनीशेजारीच तर बसतो मी रोज, पेपर वाचत.

सखू : बसता खरं. दोरा ओवून द्या म्हनलं की चष्मा सापडत नाही.

रूपाली : आई, सॉरी. खरंच सॉरी. मी... गौतमला अजून फोन लावला नाही, आत्ताच रकाना वाढवते. एका पिशवीला किती वेळ लागतो तुला?

सखू : वीस मिनटं. नाडी ओवून पंचवीस. आत मऊ अस्तर हाय, काचेला चरा पडू नये म्हनून. ते कुनी सांगितलं नव्हतं मला. मीच लावलं.

तातेराव : लावलंय खरं. धम्मानंदनं पिशवी बी उलटी करून बघितली होती.

रूपाली : अंबरपेठच्या टेलरकडे चौकशी केली होती मी तेव्हा. तो एका पिशवीचे तीस म्हणाला होता. तेवढे लिहू का? की पस्तीस? बाबा, तुम्हाला काय वाटतं, किती लावावे?

सखू : थांब पोरी. त्यायला नको इचारू. माझा भाव मी सांगते.